अंदाजानं

उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून यंदा
वर्षाची चटणी माझ्याकडं आली.
उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथवर काढली,
अर्धं सूत चुकलं की जॉब भंगारात;
आणि ही कॉटवरून सांगते,
"तीळ घाला अंदाजानं. खोबरं लालसर होईतोवर."
लालसर म्हणजे किती?
"आता करपलं. त्याच्या जरा आधी."

ब्याडगी, संकेश्वरी, दोन्हीची देठं मीच खुडली,
रात्रभर डोळ्याला हात लावायची चोरी.
डंकावर नंबर एकोणतीस.
पुढं उभ्या आबिदाभाभी पिशवीत डोकावून हसल्या,
"धणं भाजलंच न्हाईसा की, भावजी!"
परत घरी.

मग बरणीच्या तोंडाला दादरा शिवायचा.
माझाच कारखान्यातला शर्ट, उसवलेल्या खिशाजागी
एक गडद चौकोन, न विटलेला.
मशीनचं चाक माझं ऐकेना.
टीप निघाली गंगावेशीतून
आणि वळसे घेत रंकाळ्यावर पोचली.
"उसवा," ती म्हणाली.
उसवली.
"उसवा."
तिसऱ्यांदा काहीच बोलली नाही.
डाव्या हातानं सुईत दोरा ओवू बघत होती,
टोक ओलं करून,
पुन्हा ओलं करून.
मी चष्मा पुसत बसलो.

संध्याकाळी भाकरीवर चटणी, वर कच्चं शेंगतेल.
तिनं बोट लावलं, जिभेवर ठेवलं,
बराच वेळ खिडकीकडं बघितलं.
मीठ?
"असू दे. लेकीला पाठवा किलोभर.
फक्त माझी म्हणून सांगू नका."