इतिवृत्त

वेर्ण्याच्या कारखान्यात सोमवारी साडेनऊची बैठक.
'इतिवृत्त कोण लिहिणार?' असं कारापूरकरसाहेब विचारतात
तेव्हा ते विचारत नसतात;
आठही माना वळतात एस्पेरांसाकडे.

अकरा वर्षं माझीही वळली.
बॉयलरची कुरकुर तिला सर्वांआधी कळते,
पण लिहिता लिहिता बोलायचं कधी?

आज वही मी ओढून घेतली.
कुणीतरी हसलं : 'काय रे उल्हास, बढती?'

तिचे हात टेबलावर, रिकामे.
जरा वेळ त्यांचं काय करावं तिला सुचेना.
मग बोलली. झडपेबद्दल. चार मिनिटं.
मी मागे पडत होतो,
अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

संध्याकाळी कागद परत आला.
लाल शाईत एवढंच :
'झडप दोन नव्हे, तीन.
पुढच्या सोमवारी नीट ऐक.'