ओसरी

चारशे केबीची एक फाईल.
तिच्यावरून शनिवारी नऊ माणसं
वारज्यात माझ्या घरी पावणेतीन तास भांडली.
सर्व्हर नेहमीसारखा तांदळाच्या डब्याशेजारी घरघरत होता.

वायफायच्या चिपला ती फाईल लागते.
आत काय लिहिलंय, कंपनीखेरीज कुणी वाचलेलं नाही.
ती नसली तर वेल्ह्याच्या शाळेतले बावीस लॅपटॉप
नुसता उजेड पाडत बसतात.

ऑगस्टिन साळवी म्हणाला, भटाला दिली ओसरी...
आणि थांबला, कारण समोर घाटपांडेबाई बसल्या होत्या.
पहिल्या त्याच हसल्या. म्हणाल्या, पुरी कर,
पण ओसरी बांधली कुणासाठी, तेही सांग.

तांबोळीचं म्हणणं, ठेवू, पण वेगळ्या फोल्डरात,
वर पाटी लावू: ही वस्तू मुक्त नाही.
आत डोकावता येणार नाही.
तक्रार घेऊन आमच्याकडे येऊ नये.
पुण्यात पाटी लावली की जबाबदारी संपते,
हे तो सोलापूरहून आला त्याच आठवड्यात शिकला.

मराठीत बरं आहे, मुक्त वेगळं, फुकट वेगळं.
तरी दोनदा गल्लत झालीच,
दोन्ही वेळा माझ्याकडून.

मला आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली पेटी आठवत होती.
शिशाचं सील. उघडायची नाही.
एकदा ती बंद पडली, कंपनीचा माणूस चार दिवस आला नाही,
आणि मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून
तिच्यासमोर स्टुलावर बसून राहिलो.
तेव्हापासून मी ह्या बाजूला.

मतं पडली चार आणि चार.
नववं माझं.
मी नाही म्हणालो.
कुंदाताई भोंडवे, त्यांच्याच शाळेचे ते लॅपटॉप,
काही बोलल्या नाहीत.
कपात उरलेला गार चहा संपवला,
पिशवी उचलली. शेवटची एसटी गाठायची होती.

जिन्यात मी त्यांना थांबवलं.
पेनड्राइव्ह पुढे केला.
ह्यात आहे, म्हणालो, पण आमच्याकडून दिलेली नाही.

मग कुणाकडून? त्यांनी विचारलं.
खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

मागे दार उघडंच राहिलं होतं,
सर्व्हरचा पंखा जिन्यापर्यंत ऐकू येत होता.
मी म्हणालो, निघा तुम्ही,
एसटी चुकेल.