तिसरं गेज

सोमकुंवर मोतीबागचा, मी अजनीचा.
त्याची रेल्वे वेगळी, माझी वेगळी,
पगाराची तारीख तेवढी एक.
तो रापिडचा, मी क्लुजचा.
शेडमधली नवी पोरं विचारतात,
काका, ही कोणती डिव्हिजन?

रापिड म्हणजे बुखारेस्टच्या रेल्वे-कारखान्यातली टीम,
ग्रिवित्साच्या कामगारांनी उभी केलेली.
क्लुजच्या नावातच तिथली रेल्वे आहे,
चेफेरे, चेफेरे, असं ओरडतात गॅलरीतले.
दोघांचा रंग एकच,
पिकत आलेल्या जांभळाचा,
म्हणून समोरासमोर आले
की एकाला पांढरं घालावं लागतं.
"तेरवीले आल्यावानी दिसते तुही टीम,"
सोमकुंवर फोनवर म्हणतो.

तिकडचे नऊ म्हणजे आमचे हिवाळ्यात साडेबारा,
उन्हाळ्यात साडेअकरा.
घड्याळ ते लोक फिरवतात, झोप आमची सरकते.
इंजिनाखालच्या पिटात नेटवर्क येत नाही.
पाना पुसत वर आलो
की कळतं, मधल्या पंधरा मिनिटांत
कुणाला तरी पिवळं कार्ड मिळालेलं असतं.

रोमानियाच का, असं त्याची बायको विचारते.
मी नाही सांगत. तोच सांगतो दरवेळी,
दरवेळी थोडं वाढवून:
शहाऐंशीचा मे. नागपूर तव्यावर.
बाप छोट्या गाडीच्या वर्कशॉपात.
पेपरात बोटभर बातमी, खेळाच्या पानाच्या तळाशी,
स्त्यावा नावाची टीम, सेव्हिलमध्ये, युरोपचा कप,
आणि गोलकीपरनं अडवल्या
चारच्या चार पेनल्ट्या.
स्त्यावा म्हणजे तारा,
हे त्याला वीस वर्षांनी कळलं.
त्या दिवशी कळलं ते एवढंच,
की अडवणं हेसुद्धा काम असतं.
पहाटे पाचला, ऊन उतरायच्या आत,
मोतीबागच्या ग्राउंडवर दोन विटांमध्ये तो उभा राहिला.
पोरांनी अनवाणी चार मारल्या.
चारही आत.
"पाचवी अडवली," म्हणतो.
पाचवी कुणी मारली, ते सांगत नाही.

माझी अडवली, ते मात्र सगळ्यांना सांगतो.
अजनी विरुद्ध मोतीबाग, नव्व्याण्णव साल,
शेवटचं मिनिट, माझा उजवा पाय.
मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे मारलं,
तो आधीच तिथं जाऊन पडलेला.
बॉल पोटाशी धरून बराच वेळ उठलाच नाही.
मला वाटलं लागलं याला.
जवळ गेलो तर हसत होता.

आता त्याचे गुडघे गेले.
छोटी गाडीही गेली, रूळ उपटले, ब्रॉडगेज आलं.
पण फिटर तो फिटरच, टेप खिशात.
एकदा रिकाम्या ग्राउंडवर
त्यानं मला गोलपोस्टच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं,
टेप ताणली, वाकून वाचलं:
सात मीटर बत्तीस.
"पाह्य बे लांजेवार, हे तिसरं गेज.
नॅरोवरून गाडी जाते, ब्रॉडवरून जाते,
यावरून काहीच जाऊ द्याचं नसते."

काल दोघांचा सामना होता. शून्य-शून्य.
पैज ठरलेली, हरेल त्यानं तर्री-पोहे द्यायचे.
सहाला ड्यूटी सुटली,
बिसेनच्या टपरीवर दोघं बसलो,
कोण खिसा चाचपतो ते बघत.
बिसेननं विचारलं, कोण जिंकलं?
"रेल्वे," सोमकुंवर म्हणाला.
बिसेननं दोघांकडूनही पैसे घेतले.

मग तर्री संपवता संपवता म्हणाला,
"तिकडं ग्रिवित्साले असंन काय बे कोणी फिटर,
आपला निकाल पाहणारा?"
कोणता निकाल?
"हाच. अजनी, मोतीबाग."
नव्व्याण्णवचा?
"मंग. त्याच्यानंतर झाला काय कोणता?"

मी काही बोललो नाही.
तिकडे अजून रात्रच होती.
कुणीतरी पिटातून वर येत असेल,
हात पुसत.