स्त्री, एकसष्ट, पोट

गेथिन डबा आणून ठेवतो दहाच्या सुमारास,
ऑपरेशन थिएटरपासून दोन जिने खाली.
"बोरे दा," म्हणतो, सही घेतो.
डब्याकडे कधी बघत नाही.

बर्फात त्वचा. तळहाताएवढी.
चिठ्ठीवर एवढंच: स्त्री, एकसष्ट, पोट.
नाव मिटवलेलं, नियमाप्रमाणे.
पण पोटावरच्या रेघा कोण मिटवणार?
चंदेरी, पेनार्थला ओहोटीनंतर गाळात उरतात तशा.
दोन बाळंतपणं असावीत. की तीन.

साय उचलावी तशा हाताने
मी ती कॉर्कवर ताणून बसवते.
मग पट्टी. नखाएवढ्या जागेत शंभर सुया,
एकेक अर्ध्या मोहरीएवढी,
साखरेची, आत गेली की विरघळणारी.
प्रत्येकीच्या टोकात तोच मजकूर वाळवून ठेवलेला,
चार अक्षरांतला.
खोल जायचं नाही. रक्त सुरू होतं
त्याच्या अलीकडेच थांबायचं.

माझ्या दंडावर वण आहे, जुन्या रुपयाएवढा.
टोचणारा सायकलवरून शाळेत आला
आणि मी पाण्याच्या टाकीमागे लपले.
"टोचून घेतलं की देवी येत नाही," गुरुजी म्हणाले.
मला कळेना,
देवी आली तर बिघडलं कुठे?

अंगठ्याने दाबते. तीस मोजते,
कार्डिफमध्ये बावीस वर्षं, मोजणं अजून मराठीतच.
एकोणतीस, तीस.
काही दिसत नाही. रक्त नाही,
कोणी "आई गं" म्हणत नाही.
निळा रंग पुसून बघते तेव्हा ठिपके,
रांगोळी काढायच्या आधीचे.
सात सुया वाकल्या. वहीत लिहिते: त्र्याण्णव.

रात्रभर ती उबेत, गुलाबी पाण्यात.

सकाळी दिवे घालवून डोळा लावते.
हिरवं.
एक पेशी. मग इकडेतिकडे, अकरा.
जेलीफिशकडून उसना आणलेला हिरवा,
त्या पोटाने कधी न पाहिलेल्या समुद्रातला.
कापून, तोलून, टाकून द्यायला निघालेलं कातडं,
त्याने पत्र उघडलं,
वाचलं,
आणि सांगितलं होतं तसं केलं.

वरच्या वॉर्डात ती आता उशीला टेकली असेल,
टाक्यांवर हात धरून,
हसू येऊ नये म्हणून जपत.

"बोरे दा."
मी म्हटलं, गेथिन, ये, बघ.
तो टोपी काढून वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.
"कोण आहे ही?" त्याने विचारलं.