किती ठेवायची

त्रेसष्ट.
झिन्नूरने जेवणाच्या टेबलावर मेणकापड अंथरलं
आणि सगळी ओळीने मांडली.
बश्या ठेवायला जागा उरली नाही,
सूप आम्ही उभ्यानेच प्यायलो.

कझानला, रझिनाच्या घरी, आम्हाला एक खोली.
खोलीत एक कपाट, कपाटात एक खण.
लेकीने खण टेपने मोजून कळवलाय.

तो म्हणाला, सात. वाराला एक.
मग म्हणाला, लग्नकार्याला वेगळं लागतं,
मासेमारीला वेगळं, भिजलं तरी चालणारं.
म्हणजे नऊ.
एखादं बंद पडलं तर? दहा.
दहा काय, बाराच ठेवू,
तबकडीवर तरी किती आकडे असतात?
पाऊण तासात तो चाळिसावर पोचला
आणि मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

मी एकतीस वर्षं
चिस्तोपोलच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
घड्याळांना वेळेवर आणायचं काम केलं.
डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग.
दिवसाला वीस सेकंद पुढे? मागे ओढ.
चाळीस मागे? पुढे ढकल.
लाखभर तरी गेली असतील हाताखालून.
एकही घरी आणलं नाही.
दिवसभर भट्टीपाशी उभा राहणारा
घरी येऊन पाव मागत नाही.

हा मात्र नदीवर बोटी हाकायचा
आणि प्रत्येक धक्क्यावर
कुणाच्या तरी मनगटावर याचा जीव जडायचा.
पेर्मच्या एका स्वयंपाक्याकडचं,
दोन किलो सुक्या मासळीच्या बदल्यात.
समाराच्या एका विधवेकडचं, सोन्याचं,
त्याची किंमत मला अजून कळलेली नाही.

मी विचारलं, यातल्या कशात तू वेळ बघतोस?
त्याने खिडकीकडे पाहिलं.
समोरच्या बेकरीचा दिवा लागला की साडेपाच.
हे आम्हा दोघांनाही पाठ.

काट्याने काटा काढावा म्हणतात.
इथे सेकंदाचे धरून पावणेदोनशे काटे,
कोणता कशाने काढायचा?

दोन रात्री लागल्या.
वडिलांचं राहिलं. समाराचं राहिलं (मी काही बोलले नाही).
येफीमचं राहिलं, जे रोज आठ मिनिटं पुढे पळतं.
कितीदा म्हटलं, दे, चुटकीसरशी होईल.
देत नाही.
येफीम सगळीकडे लवकरच जायचा, म्हणतो,
आणि पुढचं बोलत नाही.
बर्फ फुटलं त्या वर्षी येफीम एकतीसचा होता.

शेवटी पाच.
पाच म्हणताना त्याचा आवाज
दात काढून आलेल्या माणसासारखा होता.

उरलेली घ्यायला ग्लेब आला, सूटकेस घेऊन.
एकेक कापडात गुंडाळत त्याने मोजली.
सत्तावन्न.
तुम्ही तर अठ्ठावन्न म्हणाला होतात.
झिन्नूरने पुन्हा मोजली, टेबलाखाली वाकून पाहिलं.
मी कप विसळत होते.

साधंच होतं ते, स्टीलचं, काच ओरखडलेली.
त्याने आस्त्राखानच्या बाजारात घेतलेलं, कवडीमोलाने,
आणि विकायच्या ढिगात पहिल्यांदा टाकलेलं.
आदल्या रात्री, तो झोपल्यावर,
सवयीने मी त्याचं मागचं झाकण उघडलं.
आत एक तिरपी रेघ.
नियमाविरुद्ध, एका कंटाळवाण्या दुपारी,
मीच ओढलेली.

लाखात एक म्हणतात ते हे.
त्याला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर त्याने ग्लेबला परत पाठवलं असतं
आणि आम्ही पुन्हा त्रेसष्टवर आलो असतो.

पुलावर गाडी हळू झाली.
खाली कामा गोठलेली, तिच्यावर मासे धरणारे
शेंगदाण्यांसारखे विखुरलेले.
झिन्नूरने खिसा चाचपला.
पाचच ना?
पाचच, मी म्हटलं,
आणि हातमोजा जरा वर ओढला.

रात्रभर लक्ष ठेवलंय त्याच्यावर.
दिवसाला चार सेकंद पुढे.
चालेल.