चार बोटं माया

तिसऱ्या महिन्यात शिवलेली कुंची
नवव्या महिन्यातही बसत होती.
शेजारची बायाक्का म्हणाली,
"कापड वाचलं की गं, अजून पुरूलालीय!"
मीही हसले.
नंदगडच्या बाजारात सोळा वर्षं ब्लाउज शिवतेय,
एका दिवाळीत कुणाचे दंड भरले, कुणाचे उतरले,
नुसतं बघून सांगते,
आणि मांडीवरच्या डोक्याला
टेप लावला नाही.

टाळू भरली म्हणून सासूबाईंनी
तेलाची वाटी फळीवर ठेवून दिली.
एवढ्या लवकर?
कुणाच्या जिभेवर आलं नाही.
रवळू खोकला की किंचाळायचा.
डोळे पुढे आलेले.
टपोरे आहेत, म्हणायचे सगळे, बापावर गेलाय.

बेळगावात कित्तूरमठ डॉक्टरांनी
काळा फोटो उजेडावर धरला.
"कवटी एक हाड नाही, बाई. तुकडे असतात.
मध्ये शिवणी. मेंदू वाढतो, तशी ती जागा देतात.
ह्याच्या शिवणी आधीच पक्क्या झाल्या."
जागा नाही म्हणून मागचा मेंदू
मानेच्या भोकातून खाली उतरलाय,
करंगळीच्या पेराएवढा.

मी रडले, त्यांना वाटलं कळलं नाही.
कळलं होतं.
आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात.
लहान पोराचं झबलं शिवताना
आतून दोन बोटं कापड सोडायचं,
पुढे उसवून वाढवता येतं.
गावाच्या पोरांना सोडत आले,
ह्याला नऊ महिने आत शिवताना
सोडायची राहिली का?
विचारलं तसं.
"तुमची चूक नाही," म्हणाले.
इतकं पटकन म्हणाले
की रोज कुणीतरी विचारत असणार.

संमतीचा कागद कानडीत.
मला कानडी वाचता येत नाही,
एक शब्द सोडून.
दंड नको म्हणून पेंटरकडून
दुकानाच्या पाटीवर लिहून घेतलेला: होलिगे.
शिलाई.
तो त्या कागदात तीनदा होता.
एकावर बोट ठेवलं
आणि सही केली.

सहा तास.
नवऱ्यानं दोन चहा आणले,
दोन्ही त्यानंच प्यायले.

पट्टी सुटली तेव्हा
या कानापासून त्या कानापर्यंत झिगझॅग.
"सरळ का नाही घातली?"
"केस आले की झाकतं," सिस्टर म्हणाली.
मी टाके मोजले. अंतर सारखं.
एकच जरा ओढलेला,
माझ्या हाताखालच्या पोरीला
तो मी उसवायला लावला असता.

आता दर सोमवारी टेप.
मापांच्या वहीत, पाटलीणबाईंच्या बाह्यांखाली,
रवळू: सतरा. सतरा. सव्वासतरा.
उतरलेलं वर सरकलं की नाही
ते पुढच्या फोटोत कळेल.
तोवर तो खोकला की मी त्याची मान धरते,
हातातली सुई कुठे पडते
बघत नाही.

नवी कुंची कापून ठेवलीय,
चार बोटं माया सोडून.
शिवली नाही अजून.