सरळ रेघ

मखमलाबादच्या पुढे, मुंगसऱ्याच्या अलीकडे
द्राक्षांच्या दोन बागांमध्ये सुटलेली ही मुरमाड पट्टी
चौदा वर्षांत तीनदा विकली गेली म्हणे.
रामशेज तेवढा जागच्या जागी.
त्याच्याच सपाट माथ्यावरून
मी विमानाची पातळी जुळवायचो.

का सोडलं, तर धड कारण नाही.
सिन्नरची सेकंड शिफ्ट, मग फ्लॅटचे हप्ते,
मग एका दिवाळीत पंख माळ्यावर गेले
गादीच्या खोळीत गुंडाळून.
माळा हा असा मुलूख आहे
की तिथून परतायला नुसती शिडी पुरत नाही.

आता इंजिन नाही. एरंडेलाचा तो धूर नाही,
जो शर्टातून तीन धुण्यांत जायचा नाही
आणि नीलिमा ज्याला "तुझी ती दुसरी" म्हणायची.
बॅटरी आहे. विमान टेबलफॅनसारखं घूं करतं.
कुणी कुणाला फ्रिक्वेन्सी विचारत नाही.
मी मात्र सवयीनं शोधतो तो फळा,
ज्यावरचा आपला चिमटा कॉलरला लावल्याशिवाय
रेडिओ चालू करणं म्हणजे
दुसऱ्याचं विमान पाडणं.
चिमटा आहे अजून. कपडे वाळत घालायचाच, लाकडी,
वर लाल शाईत बावन्न.

कोठावदे मागे उभे राहतात,
पूर्वीसारखेच, उजव्या खांद्यामागे हातभर अंतरावर.
सातपूरला गेज तपासण्यात हयात गेलेला माणूस.
कागदावरून पुढची कसरत वाचायचे,
मग गप्प, मग "आता".
तो "आता" मी कानानं नाही, अंगठ्यानं ऐकायचो.
गेल्या साली मुंबईला गळ्याचं ऑपरेशन झालं.
माणूस परत आला, आवाज तिकडेच राहिला.
आता ते पाठीवर बोट टेकवतात.
एकदा : तयार.
दोनदा : आता.

लोकांना वाटतं, उलटंपालटं होणं अवघड.
अवघड असतं सरळ जाणं.
धरणावरून येणारा वारा शेपूट ढकलत राहतो,
डाव्या अंगठ्यानं केसभर रडर द्यायचा,
दिलेला दिसला तरी चूक
आणि नाही दिला तर
अख्ख्या आभाळाला दिसते ती चूक.
त्यात ह्या नव्या चष्म्याला तीन मजले.
विमान वरच्यातून मधल्यात उतरलं
की उगाच टुणकन उडी मारतं.

दोन टिचक्या.
स्लो रोल. कुशीवर आलं, वरचा रडर दिला.
पाठीवर आलं, काठी पुढे...
पुढे की मागे?
एवढाच प्रश्न, पापणी लवेतो,
आणि नाक बागेकडे झुकलं,
वळून थेट माझ्याच अंगावर यायला लागलं,
डावं उजवं झालं, उजवं डावं,
द्राक्षाच्या मांडवाच्या तारा एकदम फार जवळ.

पोरांना मीच शिकवायचो हे, विसरलो होतो :
अंगावर येत असलं की विचार करायचा नाही,
जो पंख पडतोय त्याच बाजूला काठी न्यायची,
पडणाऱ्याच्या काखेत हात घालावा तशी.
डोक्याला आठवायच्या आत
अंगठा तिकडे गेला होता.

उतरलं. दोनदा उसळून, एका चाकाची टोपी फोडून.
बागेतला फवारणीवाला पंप थांबवून बघत होता,
त्यानं पुन्हा पंप सुरू केला.

कोठावद्यांनी खिशातली डायरी काढली,
पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं,
दहापैकी साडेचार लिहून
पान माझ्यासमोर धरलं.
मग काहीतरी राहिल्यासारखं परत ओढून घेऊन
खाली बारीक अक्षरात :
"अर्धा वाचवल्याबद्दल."

पाचच्या सुमाराला वारा पडला.
दुसरी बॅटरी लावली.
चिमटा, काही गरज नसताना, कॉलरला.
पाठीवर बोट टेकलं,
एकदा.